पडद्यावरची एस. टी. : एक परामर्श

ग्रंथ, नाटक किंवा चित्रपट यांचा परामर्श वाचण्याची आमच्या वाचकांस संवय आहे. परंतु मोबाईलच्या पडद्यावर मोटार हांकण्याचा खेळ हा परीक्षणाचा विषय कसा होऊं शकतो, अशी शंका कित्येकांच्या मनांत येईल. तिला आमचें उत्तर असें कीं, जी वस्तु कशाची तरी अनुकृति म्हणून पुढें येते, ती टीकेच्या कक्षेंत आपोआपच येते. नाट्याला अवस्थेची अनुकृति म्हणणाऱ्या आमच्या शास्त्रकारांनीं अनुकरण कशाचें करावें व कशाचें सोडावें, हा विचार शेंकडों वर्षांपूर्वीं केला आहे. गाडी हांकण्याचे हे खेळ 'सिम्युलेटर' या नांवानें, म्हणजे खऱ्याचें हुबेहूब सोंग आणण्याची प्रतिज्ञा करूनच, बाजारांत येतात. प्रतिज्ञा केली कीं ती कितपत पाळली हें तपासण्याचा अधिकार पाहणाऱ्यास मिळतो. तोच अधिकार आम्ही येथें बजावीत आहों.

या वर्गांतील दोन खेळांचीं नांवें तरुणांच्या तोंडीं विशेष ऐकूं येतात. पहिला 'युरो ट्रक सिम्युलेटर २'. प्राग येथील एस. सी. एस. सॉफ्टवेअर या कंपनीनें तो ऑक्टोबर २०१२ मध्यें प्रसिद्ध केला. मालाचा ट्रक घेऊन युरोपांतील शहरांमागून शहरें ओलांडावीं, भाडें मिळवावें, नियम मोडल्यास दंड भरावा, थकवा आल्यास निजावें, असा त्याचा क्रम आहे. दुसरा 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'. तो इंडोनेशियांतील मालेओ या कंपनीनें २०१७ मध्यें काढला. पहिल्याला बरा संगणक लागतो. दुसरा मोबाईलवर चालतो. त्यामुळें कळवणसारख्या तालुक्याच्या गांवीं दुसराच अधिक सोयीचा, हें उघड आहे. शिवाय इंडोनेशियांत आपल्याप्रमाणेंच वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात, व गाडीचा रंग आणि खुद्द गाडीही बदलण्याची मुभा निर्मात्यांनीं खेळाडूंस दिली आहे. या मुभेचा लाभ घेऊन हौशी मंडळींनीं आपल्या राज्य परिवहन महामंडळाची लाल गाडी त्या खेळांत नेऊन उभी केली. इंडोनेशियाच्या रस्त्यावर, नारळीच्या झाडांखालून, आमची लालपरी धांवत आहे, असें विलक्षण दृश्य त्यामुळें पाहावयास मिळतें.

या रंगकामाची थट्टा करण्याची आमची इच्छा नाहीं. दारावरची अक्षरें, पाठीमागची शिडी, टपावरची जाळी हीं ज्यानें बोटाएवढ्या पडद्यावर नेमकीं उतरविलीं, त्यानें ती गाडी प्रेमानें पाहिली आहे. परंतु अंगरखा आपला आणि पायांखालची जमीन परकी, ही विसंगति त्या खेळाडूंसही टोंचते, आणि तिच्यांतूनच त्यांच्या साऱ्या आशा जन्म पावतात.

कळवणच्या वाचकास ही टोंच अधिक कळेल. येथें महामंडळाचें आगार आहे. येथून नांदुरी, वणी, दिंडोरी करीत नाशिकला जाणारी वाट आहे. नांदुरीहून वर सप्तशृंगगडाकडे चढणारा घाट आहे. चैत्रांत व नवरात्रांत यात्रेची गर्दी लोटली म्हणजे खासगी वाहनें पायथ्याशीं थांबवितात, व गडावर माणसें पोहोंचविण्याचें काम मुख्यत्वें एस. टी.वर पडतें. एका बाजूस कांद्याचे ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूस पायीं चालणारे यात्रेकरू, समोर वळण व वळणापलीकडे दरी, अशा वाटेवर ज्यानें लहानपणीं चालकाच्या पाठीमागच्या बाकावरून त्याचे हात न्याहाळले, त्याला परक्या मुलखांतील सपाट हमरस्ता किती दिवस पुरणार?

या खेळांचें वैशिष्ट्य असें कीं ते कधींच पुरे होत नाहींत. ग्रंथाची दुसरी आवृत्ति निघाली तर निघाली. येथें मात्र सुधारित आवृत्ति, जिला खेळाडू 'अपडेट' म्हणतात, ती निघतच राहते. वर सांगितलेल्या ट्रकच्या खेळाला बारा वर्षें होऊन गेल्यावरही डिसेंबर २०२४ मध्यें ग्रीस देशाचे रस्ते नव्यानें जोडण्यांत आले. पूर्वीं मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबरीचे वाचक पुढील प्रकरणाची जशी वाट पाहत, तशीच हे खेळाडू पुढील आवृत्तीची पाहतात. मात्र वाट पाहणें म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर राहणें होय. याच ट्रकच्या खेळासाठीं रशियाचा भाग तयार होत आला होता. युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर, मे २०२२ मध्यें, तो प्रसिद्ध न करण्याचें निर्मात्यांनीं जाहीर केलें. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेंत आम्ही शिरत नाहीं. आशेची दोरी कोणाच्या हातीं असते, एवढेंच त्यावरून दिसतें.

आतां या आशा कोणत्या, तें पाहूं. पहिली आशा नव्या गाड्यांची. लालपरी झाली, आतां शिवशाही हवी, १ जून २०२२ रोजीं पुणें-अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) मार्गावर सुरू झालेली विजेवरची शिवाई हवी. दुसरी आशा आवाजाची. इंडोनेशियांत मुलें रस्त्याकडेला उभीं राहून चालकाला भोंगा वाजवावयास सांगत, व २०१६ च्या अखेरीस त्या आरोळीचें वेड जगभर पसरलें. तो सुरेल भोंगा या खेळांत आहे, आणि आमच्या मंडळींस आपल्याकडचे भोंगे हवे आहेत. तिसरी आशा पाऊस, धुकें, चिखल व खड्डे यांची. खड्ड्यांची आशा करणारा प्रवासी या खेळाबाहेर कोठें सांपडणार नाहीं! चौथी आणि सर्वांत उत्कट आशा आपल्या रस्त्यांची : नकाशावर आपला घाट, आपला फाटा, आपलें बसस्थानक असावें, ही.

पहिल्या तीन आशांविषयीं आमचें म्हणणें थोडें आहे. त्या पोषाखाच्या आहेत; त्या पुरल्या तर आनंद आहे, न पुरल्या तर हानि नाहीं. चौथीविषयीं मात्र सावकाश विचार केला पाहिजे.

ट्रकच्या खेळांत युरोपाचा नकाशा सुमारें एकास एकोणीस या प्रमाणांत आखला आहे. त्याच प्रमाणानें कळवण-नाशिक वाट आखली तर ऐंशी किलोमीटरांच्या आसपासचें अंतर चार किलोमीटरांवर येईल. वणी दिसते न दिसते तोंच दिंडोरी येईल. यावर कोणी म्हणेल, मग हें सोंग खोटेंच. आम्ही तसें म्हणत नाहीं. नाटकांत दहा वर्षें एका अंकांत जातात आणि प्रेक्षक हूं कीं चूं करीत नाहीं. संक्षेप हा कलेचा दोष नव्हे. उलट ज्यानें संक्षेप मुळींच केला नाहीं, त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेंत 'डेझर्ट बस' नांवाचा एक थट्टेचा खेळ रचला गेला. टूसॉन ते लास व्हेगस ही वाळवंटांतील वाट खऱ्या वेळेंत, म्हणजे सुमारें आठ तास, हांकावयाची. वाटेंत वळण नाहीं, थांबा नाहीं, प्रवासी नाहीं. अंतर पुरेपूर खरें, आणि तरीही रस्ता अगदीं खोटा! कारण रस्त्याचें सत्य लांबींत नसतें. ज्यांच्यासाठीं गाडी थांबते आणि ज्यांना घेऊन निघते, त्यांच्यांत तें असतें.

येथेंच या खेळांतील खरी उणीव आमच्या दृष्टीस पडते. या खेळांतला चालक एकटा आहे. मन मानेल तेव्हां निघावें, मन मानेल तेथें वळावें, असें त्याचें राज्य आहे. प्रवासी दिसतात, परंतु त्यांच्या वाट्याला मुख्यत्वें भाड्याच्या बेरजेची भूमिका आली आहे. आमची एस. टी. पहिल्या दिवसापासून अशी नव्हती. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर तिची पहिली फेरी झाली, तेव्हां चालक किसन राऊत यांच्या जोडीला वाहक लक्ष्मण केवटे होते. तेव्हांपासून चालकाच्या डोक्यावर एक घंटा असते व तिची दोरी वाहकाच्या हातीं असते. एक ठोका पडला तर थांबावें. दोन पडले तर निघावें. हातांत एवढें मोठें यंत्र असून, फाट्यावर धांवत येणारी म्हातारी पायरीवर चढली कीं नाहीं, हें पाठीमागच्या माणसानें पाहून सांगेपर्यंत चालक जागचा हलत नाहीं. आमच्या मतें एस. टी.चा आत्मा कोठें असेल तर तो या दोन ठोक्यांत आहे; आणि खेळाडूंच्या एवढ्या लांबलचक आशांत या घंटेला जें स्थान मिळावयास हवें होतें, तें मिळालेलें नाहीं.

ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. गाड्या आगारांत उभ्या होत्या. यंत्राला कांहीं झालें नव्हतें, रंगही उडाला नव्हता. परंतु पाड्यावरून तालुक्याच्या शाळेला येणाऱ्या मुलीला त्या गाडीच्या रंगाशीं काय कर्तव्य? तिला सात वाजतां फाट्यावर येणारी गाडी हवी होती. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस. टी.चें तिकीट अर्धें झालें. त्यानंतर एखाद्या फेरींत कोण बसतें, कोठें उतरतें व कशासाठीं जातें, याचें चित्र काढणें हा कोणत्याही कादंबरीकाराला पुरेल असा विषय आहे. खेळाला तो परका कां असावा?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. घाट हवा म्हणणारे खेळाडू अपघातही हुबेहूब मागतात. कांच फुटावी, पत्रा वांकावा, असें त्यांस वाटतें. कळवणकरांस अपघात हा शब्द पडद्यावरून शिकावयाचा नाहीं. २८ जानेवारी २०२० रोजीं मालेगांव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ एस. टी. व रिक्षा यांची टक्कर होऊन दोन्ही वाहनें विहिरींत कोसळलीं. पंचवीसहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. १२ जुलै २०२३ रोजीं सप्तशृंगगडाच्या घाटांतच एस. टी. दरींत पडली व एका स्त्रीचा अंत झाला. खेळांत गाडी उलटली तर एक कळ दाबतांच ती पुन्हा रस्त्यावर उभी राहते. ही सोय काढून टाकावी किंवा दरीचें भयंकर दृश्य दाखवावें, असें आम्ही सुचवीत नाहीं. तें अभिरुचीला सोडून होईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वांकलेल्या पत्र्यापेक्षां मागें बसलेल्या चाळीस माणसांचा भार खेळाडूच्या मनावर पडावा. जोराचा ब्रेक लागला कीं आंतून ओरड व्हावी. वळण सावकाश घेतलें तर झोंपलेलें मूल झोंपलेलेंच राहावें. पत्र्याचें नुकसान पैशानें भरून येतें, म्हणून तें दाखविणें सोपें. विश्वासाचें नुकसान दाखविणें कठीण, आणि कलेची कसोटी कठीण जागींच लागते.

यावर असा आक्षेप येईल कीं, खेळ तो खेळ. दिवसभर राबून आलेल्या मुलास पडद्यावरही वेळापत्रक व जबाबदारी कशाला? आक्षेप वरवर योग्य दिसतो, पण अनुभव त्याच्या उलट आहे. ट्रकच्या खेळांत दंड आहे, वेळेची मुदत आहे, झोंपेची सक्ति आहे. आणि खेळाडू तो खेळ सोडून न जातां वर्षानुवर्षें खेळत आहेत. बंधनाचा कंटाळा येत नाहीं. निरर्थक बंधनाचा येतो. मोकळ्या रस्त्यावर वेगानें जाण्याची मौज चार दिवसांत विटते, परंतु काम नीट पार पडल्याचें समाधान विटत नाहीं.

राहतां राहिला प्रश्न हें करणार कोण. परदेशांतील निर्मात्याला नांदुरीचा घाट ठाऊक नसणें हा त्याचा अपराध नव्हे. युरोपांतील हौशी मंडळींनीं 'प्रोमॉड्स' या नांवानें ट्रकच्या खेळाला स्वतः आखलेले विस्तीर्ण मुलूख जोडले आहेत. तसा उद्योग आपल्याकडेही अशक्य नाहीं. गाडी रंगविणाऱ्या हातांनीं आतां रस्त्याकडे वळावें. प्रत्येक थांब्याचें नांव, कोणत्या थांब्यावर सकाळीं कोण उभें असतें, कोणत्या चढावर गिअर बदलावा लागतो, यात्रेच्या दिवसांत पायथ्याशीं गर्दी कशी वळविली जाते, हें आगारांतील जुन्या चालक-वाहकांस विचारून लिहून ठेवावें. असा लेख उद्यां खेळाच्या उपयोगीं पडो वा न पडो, मराठींत तो एक कामाचा दस्तऐवज होईल.

निर्मात्यांकडे मात्र आमच्या खेळाडूंनीं नव्या भोंग्याआधीं घंटा मागावी, आणि ती वाजविणारा वाहक मागावा. तो मिळाला तर पडद्यावरच्या लाल गाडीला एस. टी. म्हणण्यास आमची हरकत राहणार नाहीं. तोंपर्यंत ती सुरेख रंगविलेली एक मोटार आहे, असाच आमचा अभिप्राय आहे.