हक्क मोठा, उपाय छोटा: जाधव निकाल वाचताना

१७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल दिला. भारताने हा आपला विजय म्हटला आणि पाकिस्ताननेही समाधान व्यक्त केलं. असं कसं? तर दोघांनी एकाच निकालाचे वेगवेगळे भाग उचलले होते. तुम्ही आंतरराष्ट्रीय कायद्यात संशोधन करणार असाल, तर हे दोन्ही भाग शेजारी ठेवून वाचा.

पहिला भाग हक्काचा. वकिलातींसंबंधीच्या १९६३च्या व्हिएन्ना करारातलं कलम ३६ सांगतं, की अटक केलेल्या परदेशी नागरिकाला त्याच्या वकिलातीशी संपर्काचा हक्क आहे आणि तो हक्क आहे हे त्याला विनाविलंब सांगितलं पाहिजे. फाशीच्या खटल्यात याचं मोल कळतं. चांगला वकील, मायदेशातले साक्षीदार, कागदपत्रं हे सगळं वकिलातीमार्फत उभं राहू शकतं. हेरगिरीच्या आरोपीला हे कलम लागू नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला आणि १५ विरुद्ध १ मतांनी कराराचा भंग झाल्याचं ठरवलं.

दुसरा भाग उपायाचा. लष्करी न्यायालयाची शिक्षा रद्द करा, जाधवांना सोडा, ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. मिळालं ते शिक्षेचं ‘परिणामकारक पुनरावलोकन आणि फेरविचार’. तेही पाकिस्तान निवडेल त्या मार्गाने.

माझी टीका या ‘निवडेल त्या मार्गाने’वर आहे. हे सूत्र २००१च्या लाग्रांड निकालातून आलंय. तो खटला जर्मनीने अमेरिकेविरुद्ध लढवला होता. निकाल लागला तेव्हा दोन्ही जर्मन भावांना ॲरिझोनात देहदंड देऊन दोन वर्षं झाली होती. २००४च्या अवेना खटल्यात न्यायालयाने ५१ मेक्सिकन नागरिकांना वेळेत हक्क सांगितला गेला नाही असं ठरवलं आणि उपाय पुन्हा तोच दिला.

मग काय झालं ते बघा. ओक्लाहोमाच्या राज्यपालांनी त्याच वर्षी यातल्या एकाचा देहदंड जन्मठेपेत बदलला. टेक्सासने मात्र दाद दिली नाही. २००८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेडेयिन खटल्यात सांगितलं, की संसदेने कायदा केल्याशिवाय हेगचा निकाल देशांतर्गत न्यायालयांवर बंधनकारक नाही. त्याच ऑगस्टमध्ये मेडेयिनला देहदंड दिला गेला. एकच निकाल, एकच हक्क. माणूस जगणार की नाही हे ठरलं तो कुठल्या राज्याच्या तुरुंगात आहे यावर.

आता न्यायालयाची बाजूही नीट मांडायला हवी, नाहीतर टीका एकांगी होईल. हेगचं न्यायालय फौजदारी अपिलाचं न्यायालय नाही. इथे त्याचा अधिकार फक्त व्हिएन्ना करारापुरता होता. शिवाय जाधव निकालात ते एक पाऊल पुढे गेलं: फेरविचार होईपर्यंत फाशीला स्थगिती हवी आणि गरज पडल्यास पाकिस्तानने कायदाही करावा, असं स्पष्ट लिहिलं. पाकिस्तानने २०२०मध्ये अध्यादेश आणि पुढच्या वर्षी कायदा केला.

तरीही एक गोष्ट खटकते. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने १९९९मध्येच मत दिलं होतं, की हा हक्क डावलून दिलेला देहदंड म्हणजे मनमानीने जीव घेणं. हेगच्या न्यायालयाने लाग्रांडमध्ये हा व्यक्तीचा हक्क आहे हे मानलं, पण अवेनामध्ये त्याला मानवी हक्क म्हणायला नकार दिला. उपायाची धार तिथेच बोथट झाली, असं मला वाटतं. जाधव निकालाला जोडलेलं न्यायाधीश कान्सादो त्रिंदाद यांचं स्वतंत्र मत जरूर वाचा. १९९९चं मत देणाऱ्या पीठावरही ते होते.

प्रबंधासाठी विषय शोधत असाल, तर ‘भंग झाला का?’ या प्रश्नावर फार अडकू नका, त्यावर भरपूर लिहून झालंय. खटला पुन्हा चालवला असं म्हणायला किमान काय व्हावं लागतं, हे विचारा. आरोपीला स्वतःचा वकील निवडता आला का? नवा पुरावा ऐकला गेला का? निर्णय बदलण्याचा अधिकार त्या न्यायालयाला होता का? या तीन कसोट्या लावून अवेनानंतरचं एकेक प्रकरण तपासलंत, तरी बरंच काम उभं राहील.