'शेजारी'चे समूहगान

व्ही. शांताराम यांचा 'शेजारी' (१९४१) हा हिंदू-मुस्लिम ऐक्याचा चित्रपट म्हणून आपल्याकडे नेहमी सांगितला जातो. जिवबा आणि मिर्झा यांची मैत्री, धरण बांधायला आलेल्या धनिकामुळे तिच्यात पडलेली फूट आणि अखेर फुटत्या धरणावर हातात हात घेऊन दोघांना आलेले मरण, एवढी कथा पुष्कळांना ठाऊक असते. संगीताविषयी मात्र 'लखलख चंदेरी' हे गाणे किती गोड आहे, यापलीकडे कोणी फारसे बोलत नाही. माझ्या मते या चित्रपटाला ऐक्याविषयी जे सांगायचे आहे, ते संवादांपेक्षा या समूहगीतात अधिक आहे. आणि चित्रपटाची मर्यादाही तिथेच सापडते.

आधी काळ लक्षात घेऊ. मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगचा लाहोर ठराव झाला होता. १९४१ साली ढाक्यात आणि अहमदाबादेत दंगे पेटले. त्या काळच्या भांडणांचे एक ठरलेले निमित्त होते संगीत. मशिदीवरून मिरवणूक वाजतगाजत जावी की वाद्ये थांबवावीत, या प्रश्नावर कित्येक गावांत डोकी फुटली. म्हणजे रस्त्यावरचे सामुदायिक गाणे-वाजवणे हीच दोन समाजांमधली ठिणगी होती. शांताराम आणि संगीतकार मास्तर कृष्णराव यांनी नेमकी तीच गोष्ट उचलली आणि अख्ख्या गावाला एका रिंगणात गायला लावले. भांडणाच्या निमित्तालाच त्यांनी भेटीचे निमित्त केले. आज ते गाणे केवळ रम्य वाटते, पण त्या वर्षी ते धाडसाचे होते.

हे काम सोपे नव्हते. आपले रागसंगीत मुळात एकट्याचे आहे. ख्याल गाणारा तानपुऱ्यांच्या मध्ये बसतो आणि स्वतःच्या बुद्धीने राग उलगडतो. मागे शिष्य साथ करतात, पण विचार एकाचाच असतो. समूहाचे गाणे आपल्याकडे निराळ्या वाटेने आले. भजन, आरती, जात्यावरची ओवी, कव्वाली, मर्सिया ही सगळी रूपे जमावाची, पण त्यांना मैफलीत शास्त्रीय गाण्याची पायरी मिळाली नाही. कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) हे मैफलीचे गवई होते. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत काम केल्यामुळे थोडक्या ओळींत रागाचा सुगंध कसा ठेवायचा, हेही त्यांना अवगत होते. 'शेजारी'मध्ये त्यांनी या दोन्ही विद्या एकत्र आणल्या. शांताराम आठवले यांचे शब्द त्यांनी अशा चालीत बांधले की गळा न कमावलेल्या माणसालाही ती उचलता येते. मुखडा सोपा, लय पायांना ओढणारी, आणि फिरून मूळ जागी येणे असे की प्रत्येकाला आपणच ते आणले असे वाटावे. समेवर येण्याचा मैफलीतला आनंद त्यांनी गावच्या रिंगणाला दिला.

या चित्रपटात मुसलमान कुठे आहे, असा प्रश्न आपण वाचक म्हणून विचारला पाहिजे. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत नटांची अदलाबदल होती. मजहर खान यांनी हिंदू ठाकूर उभा केला आणि गजानन जागीरदार यांनी मिर्झा. मराठीत मिर्झा जागीरदारच, पण जिवबा केशवराव दाते झाले. म्हणजे मराठी 'शेजारी'त मिर्झा आहे, पण या जोडीत मुसलमान नट नाही. तो शोधायचा तर पडद्यामागे जावे लागते. प्रभातच्या संस्थापकांपैकी एक शेख फत्तेलाल. सारा महाराष्ट्र त्यांना साहेबमामा म्हणत असे. दामल्यांच्या जोडीने 'संत तुकाराम' (१९३६) दिग्दर्शित करणारे तेच, आणि प्रभातच्या कलाविभागाची धुरा त्यांच्याच खांद्यावर होती.

आणखी मागे गेलो तर तो सुरांत सापडतो. कृष्णरावांचे गुरू भास्करबुवा बखले यांनी फैज महंमद खान, नत्थन खान आणि अल्लादिया खान या उस्तादांकडे तालीम घेतली होती. या शिकवणीत ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर ही तीन घराणी एका मराठी गवयाच्या गळ्यात उतरली आणि तिथून शिष्याकडे आली. 'लखलख चंदेरी'ची चाल उस्तादांची, असे मी म्हणत नाही. पण स्वर कुठे ठेवावा, किती धरावा आणि केव्हा सोडावा ही समज ज्या तालमीतून आली, ती तालीम दोन धर्मांच्या माणसांनी मिळून सांभाळली होती. पडद्यावरचे ऐक्य लेखकाने लिहिलेले आहे. सुरांतले ऐक्य आधीच घडून गेलेले होते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मराठीच्या तासाला आठवीच्या मुलांना हे गाणे ऐकवले, तेव्हा एका मुलीने विचारले, "मॅडम, इसमें मिर्झा की आवाज कौनसी है?" प्रश्न साधा होता, पण समीक्षेचा होता. समूहात मिर्झाचा आवाज वेगळा ओळखू येत नाही. एका अर्थी हेच गाण्याचे यश आहे, कारण रिंगणात कोणी कोणाचा धर्म विचारत नाही. पण दुसऱ्या अर्थी तिथे एक अडचण आहे. सगळ्यांनी एकच चाल एकाच स्वरात गायची, हे आपल्या समूहगानाचे रूप आहे. जो येईल त्याने आपला सूर त्यात मिसळून टाकायचा.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात वृंदगानाची रीत वेगळी आहे. बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीच्या (१८२४) अखेरच्या भागातही मानवी बंधुत्वाचेच गाणे आहे. पण तिथे उंच आणि खर्जातले, स्त्रियांचे आणि पुरुषांचे असे चार गट एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात. कोणाचाही स्वर दुसऱ्यात विरत नाही, तरी गाणे एकच राहते. कोणती रीत श्रेष्ठ हा वाद मला घालायचा नाही. पण ऐक्याच्या आपल्या कल्पनेवर आपल्या समूहगानाची छाया आहे, असे मला वाटते. ऐक्य म्हटले की आपण 'एकसूर' म्हणतो. निराळा सूर लावूनही गाण्यात राहता येते, हे ना आपल्या गाण्याने शिकवले ना 'शेजारी'ने. म्हणूनच की काय, मैत्री तुटल्यावर या दोन मित्रांना मतभेद ठेवून शेजारी राहणे जमत नाही. ते एक होतात ते थेट मरणात. जगून एकत्र राहणे अधिक अवघड होते, आणि ते चित्रपटाने प्रेक्षकांवर सोडले.

फुटीचे मूळही चित्रपट बाहेरून आलेल्या माणसात दाखवतो. इंग्रजी अमलात ते समजण्यासारखे होते, पण आज तेवढे पुरत नाही. आमच्या शेवगाव तालुक्याला धरण नवे नाही. जायकवाडीचा नाथसागर भरला तेव्हा तालुक्याची जमीनही त्याखाली गेली, आणि तिथून उठलेल्यांत दोन्ही समाजांची माणसे होती. पाण्याने भेद केला नाही. पुढे १४ मे २०२३ रोजी याच शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली. १९४१ आणि २०२३ यांत काय बदलले, याचा मी विचार करते तेव्हा एक गोष्ट ठळक दिसते. आता मिरवणुकीत माणसे गात नाहीत, यंत्र गाते. जयंती असो की आपला संदल, ट्रकवरचा डीजे वाजतो आणि माणूस त्याखाली नुसता नाचतो. मोठ्याने वाजवायला शेजारी लागत नाही, तो फक्त ऐकणारा उरतो, बहुधा नाइलाजाने. समूहगानाला मात्र शेजाऱ्याचा श्वास ऐकावा लागतो, नाहीतर लय सुटते.

म्हणून 'शेजारी' पुन्हा पाहताना शेवटच्या धरणापाशी डोळे पुसून उठू नये. ते गाणे पुन्हा ऐकावे, आणि आठवीतल्या मुलीने विचारलेला प्रश्न मनात ठेवून ऐकावे. मिर्झाचा आवाज निराळा ऐकू येईल आणि तरीही रिंगण मोडणार नाही, असे गाणे मराठीत अजून बांधायचे राहिले आहे. ते कृष्णरावांनी बांधले नाही, पण ज्या तालमीतून ते बांधता येईल ती त्यांनी आपल्या स्वाधीन केली आहे.