परतलेली गिटार : ‘इंडस क्रीड’चा ‘इव्हॉल्व्ह’ आणि देशीयतेचा प्रश्न

प्रस्तावना

मराठी समीक्षेने नाट्यसंगीत, लावणी, भावगीत आणि अभंगगायन यांचा विचार सातत्याने केला आहे. महाराष्ट्राच्या राजधानीत वाढलेल्या रॉक संगीताकडे मात्र तिचे फारसे लक्ष गेलेले नाही. इंग्रजीत गायले जाणारे आणि विजेच्या गिटारवर उभे असलेले हे संगीत ‘आपले’ नव्हे, अशी धारणा या उपेक्षेमागे असावी. ही धारणा तपासून पाहण्यासाठी ‘इंडस क्रीड’ या मुंबईच्या रॉक बँडचा प्रवास उपयुक्त ठरतो. 1984 मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने सुरू झालेल्या या बँडने 1993 मध्ये नाव बदलले, 1997 मध्ये काम थांबवले, 2010 मध्ये तो पुन्हा एकत्र आला आणि 2012 मध्ये त्याने ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम प्रसिद्ध केला. या अल्बममध्ये गिटारचा भरदार, घणाघाती ध्वनी पुन्हा केंद्रस्थानी आला. ही परत म्हणजे तारुण्याची केवळ पुनरावृत्ती आहे की परक्या वाद्यावर मिळवलेल्या स्वामित्वाचा तो पुरावा आहे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अनुकरणाचा काळ

‘रॉक मशीन’चा पहिला अल्बम ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ 1988 मध्ये आला आणि दुसरा ‘द सेकंड कमिंग’ 1990 मध्ये. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे या काळातील प्रमुख कलावंत होत. आयातीवर कडक निर्बंध असण्याच्या त्या दिवसांत चांगली गिटार आणि चांगला अॅम्प्लिफायर मिळणे दुर्घट होते. बहुतेक तरुण वादक परदेशी गाणी कानाने उचलून वाजवीत असत. अशा वातावरणात स्वतःची गाणी रचून ती अल्बमरूपाने काढणे हेच धाडसाचे काम होते. तथापि या गाण्यांतील गिटारचा ध्वनी पाश्चात्त्य हार्ड रॉकच्या साच्यातला होता. ‘आम्हीही त्यांच्यासारखे वाजवू शकतो’ हे सिद्ध करण्याची आकांक्षा त्यामागे दिसते. नवशिक्षित समाजाच्या साहित्यातही असा टप्पा येतो. आरंभीच्या मराठी कादंबरीचा इतिहास आठवला तर अनुकरणाचा हा टप्पा निंद्य नसून अपरिहार्य असतो, हे लक्षात येते.

नामांतर आणि ओळखीचा शोध

1993 मधील नामांतर या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ‘रॉक मशीन’ हे नाव जगात कोठेही चालले असते; ‘इंडस’ हा शब्द मात्र सिंधूची, म्हणजे एका भूप्रदेशाची, आठवण करून देतो. त्याच सुमारास उपग्रह वाहिन्या भारतीय घरांत पोहोचल्या होत्या आणि ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीमुळे हा बँड आशिया खंडातील प्रेक्षकांपुढे गेला. 1995 मध्ये ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम निघाला. पुढे बँड थांबल्यावर उदय बेनेगल आणि जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ हा भारतीय ताल-सुरांशी जवळीक साधणारा प्रकल्प केला. त्यानंतरच्या ‘व्हर्लिंग कलापाज’मध्ये विजेविना वाजणाऱ्या वाद्यांवर भर होता. म्हणजे भारतीयत्वाचा शोध जसजसा पुढे गेला, तसतशी विजेची गिटार मागे सरत गेली. भारतीय व्हायचे तर गिटारचा आवाज कमी करावा लागतो, असे जणू एक समीकरणच या प्रवासातून तयार झाले. ‘इव्हॉल्व्ह’चे महत्त्व हे आहे की त्याने हे समीकरण नाकारले.

‘मोठा’ ध्वनी म्हणजे काय?

येथे ‘मोठा आवाज’ या संज्ञेचा थोडा खुलासा आवश्यक आहे. गिटारचा ‘मोठेपणा’ केवळ तीव्रतेचा नसतो, तो पोताचाही असतो. अॅम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेपलीकडे संकेत दिला की ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात. त्यातून मूळ स्वरात नसलेले उपस्वर निर्माण होतात आणि स्वर अधिक काळ टिकतो. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. अशा ध्वनीत पूर्ण स्वरसंघात वाजवला तर तो गढूळ होतो. म्हणून वादक गंधार गाळून षड्ज आणि पंचम एवढेच स्वर एकत्र छेडतात. तो ‘पॉवर कॉर्ड’ होय. षड्ज-पंचमाच्या तंबोऱ्यावर वाढलेल्या भारतीय कानाला हा संवाद मुळीच अनोळखी नाही. गंधार नसल्यामुळे शुद्ध की कोमल हा निर्णय मोकळा राहतो आणि तो निर्णय गायकाने करायचा असतो. अर्थात तंबोरा स्थिर असतो, तर पॉवर कॉर्ड सतत जागा बदलतो. हा भेद विसरून चालणार नाही. परंतु दोहोंची तुलना केल्यास ‘परका ध्वनी’ हा शब्दप्रयोग किती ढोबळ आहे, हे स्पष्ट होते.

‘इव्हॉल्व्ह’ची श्रवणसमीक्षा

‘इव्हॉल्व्ह’मध्ये आठ गाणी आहेत. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया या जुन्या तिघांबरोबर बासवादक रुशद मिस्त्री आणि ड्रमवादक जय राव कवी हे नव्या पिढीतील वादक येथे आहेत. या संयोगाचा परिणाम रचनेवर झाला आहे. ‘रॉक मशीन’च्या काळात गिटार प्रामुख्याने उत्साहाचे वाहन होती, येथे ती विचाराचे वाहन झाली आहे. ‘फायरफ्लाइज’, ‘डिझॉल्व्ह’ किंवा ‘टेक इट हार्डर’ या गाण्यांत ध्रुवपद आणि कडवे यांचा सोपा फेर पुरेसा मानलेला नाही. लय वळते, वादनाला अवकाश मिळतो, कीबोर्ड गिटारशी स्पर्धा न करता तिच्याभोवती वातावरण उभे करतो. गिटारचा भार मोठा आहे, पण तो सर्वत्र सारखा नाही. शांत भागांमुळेच तो भार जाणवतो. चाळिशी ओलांडलेल्या कलावंतांनी तारुण्यातील आवेशाचे सोंग आणलेले नाही, ही या अल्बमची सर्वांत मोठी कमाई मानावी लागेल.

मर्यादांचाही उल्लेख केला पाहिजे. अल्बमचे ध्वनिमिश्रण टिम पामर या ख्यातनाम परदेशी तंत्रज्ञाने केले. त्यामुळे ध्वनी स्वच्छ आणि जागतिक दर्जाचा झाला, परंतु प्रत्यक्ष मंचावरील खरखरीत कडा काही ठिकाणी गुळगुळीत झाल्यासारख्या वाटतात. शिवाय गीतांची भाषा इंग्रजीच राहिल्याने मुंबईच्या बहुभाषिक जीवनाचा नाद शब्दांत उतरत नाही. जे स्वामित्व गिटारवर मिळाले, ते शब्दांवर तितक्या प्रमाणात मिळालेले दिसत नाही.

देशीयता : वाद्याची की वापराची?

भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने मराठी समीक्षेला मुळांचा प्रश्न विचारायला शिकवले. तो प्रश्न येथेही लागू होतो. मात्र देशीयता वाद्याच्या जन्मस्थानावर ठरवायची की त्याच्या वापरावर, हे आधी ठरवावे लागेल. बाजाची पेटी युरोपातून आली. आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती 1971 मध्ये शिथिल केली. तरीही गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांच्या हातून तीच पेटी मराठी नाट्यसंगीताचा प्राण बनली. लग्नाच्या वरातीतील बँडची पितळी वाद्येही बाहेरूनच आली.

वसई-विरार परिसरात तर या प्रक्रियेचे दाखले घरोघरी आहेत. पोर्तुगीज सत्ता 1739 मध्ये संपली, पण चर्चमधील समूहगायनाची परंपरा टिकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीतून होऊ लागली आणि मराठी भक्तिगीतांना गिटारची साथ मिळाली. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत विजेवर चालणारा, कर्ण्यांतून कर्कश होऊन येणारा बँजो तर सर्वांच्याच ओळखीचा आहे. विजेने वाढवलेल्या तारेचा फाटका, मोठा ध्वनी कोकणपट्टीच्या रस्त्यांवर केव्हाच देशी झाला आहे. समीक्षेने त्याची दखल घेतली नाही एवढेच.

आवाजाला जागा कोणाची?

मोठ्या ध्वनीला जागाही लागते. 1986 मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव दीर्घकाळ धोबी तलावाच्या रंगभवनात भरत असे. मरीन लाइन्स स्थानकापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे विरारहून लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते आवाक्यात होते. केंद्र सरकारच्या 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला आणि तेथे दिवसा 50 व रात्री 40 डेसिबल ही मर्यादा आली. महाविद्यालय आणि रुग्णालय यांच्या सान्निध्यातील रंगभवन त्यानंतर अशा कार्यक्रमांना मुकले. रुग्णाचा शांततेचा हक्क निर्विवाद आहे. परंतु त्या बदल्यात तरुणांना दुसरे खुले, स्वस्त रंगमंच मिळाले नाहीत, हेही तितकेच खरे.

‘इव्हॉल्व्ह’ आला तेव्हा रॉक संगीत बऱ्याच अंशी बंदिस्त क्लबांत गेले होते. त्यांपैकी ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब 2007 ते 2016 या काळात लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात होता. लोअर परळही पश्चिम रेल्वेवरच आहे. विरारपासूनचे अंतर उलट कमीच झाले होते. वाढले ते प्रवेशमूल्य. ज्या काळात गिटारचा ध्वनी कलात्मकदृष्ट्या परिपक्व झाला, त्याच काळात तो ऐकण्याचा अवकाश आर्थिकदृष्ट्या आक्रसला. या संगीताला ‘अभिजनांचे’ म्हणून दूर ठेवणाऱ्या समीक्षेने ते अभिजनांचे कसे होत गेले, हेही पाहिले पाहिजे.

निष्कर्ष

‘इंडस क्रीड’ची गिटारकडील परत ही पुनरावृत्ती नाही. 1988 मध्ये जो ध्वनी इतरांची बरोबरी करण्यासाठी स्वीकारला गेला, तोच 2012 मध्ये इतर पर्याय हाताळून झाल्यावर निवडला गेला. स्वीकार आणि निवड यांतील हे अंतरच या अल्बमचे मूल्य ठरवते. देशीयता सिद्ध करण्यासाठी प्रत्येक रचनेत तबला-सतारीची हजेरी लावण्याची गरज नाही, हे त्यातून दिसते. मात्र ही सिद्धी ज्या भाषेत आणि ज्या श्रोतृवर्गापुढे मांडली गेली, त्यामुळे ती मराठी समाजापर्यंत पुरेशी पोहोचली नाही. ती पोहोचवण्याचे काम एकट्या कलावंतांचे नाही. महाविद्यालयाच्या सभागृहात एखाद्या संध्याकाळी विद्यार्थ्यांच्या बँडला अॅम्प्लिफायर लावू देणे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्या ध्वनीवर गंभीरपणे बोलणे, ही त्याची सुरुवात ठरू शकते.