चाळिसावे स्तोत्र आणि डब्लिनचे चार तरुण

रॉक संगीताचे नाव काढले की आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी, आरोळीसारखे गायन आणि अर्थाला फारकत दिलेले शब्द, अशी त्या संगीताविषयीची आपली समजूत असते आणि तीत तथ्य मुळीच नाही असेही नव्हे. तथापि ह्याच संगीतप्रकारात एक गीत असे आहे की, त्याचे शब्द ऐकताच आपल्या गायकवृंदातील कोणीही ते ओळखील. ‘यू टू’ ह्या आयरिश वाद्यवृंदाच्या ‘वॉर’ ह्या १९८३ सालच्या संग्रहातील ते अखेरचे गीत. त्याचे नाव केवळ एक आकडा आहे : ‘चाळीस’. अर्थात चाळिसावे स्तोत्र. (जुन्या लॅटिन बायबलात ह्याच स्तोत्राचा क्रमांक एकोणचाळीस आहे. ह्या तरुणांच्या हाती ती प्रत असती, तर गीताचे नावही बदलले असते!)

सेमिनरीच्या दिवसांत एका सहाध्यायाने ह्या संग्रहाची कॅसेट आणली, तेव्हा हे गीत मी प्रथम ऐकले. ते मनाला भिडले नाही. अडीच मिनिटांहून थोडेसेच अधिक लांबीचे ते गीत. बास गिटारची एक साधी धून पुनःपुन्हा फिरत राहते, गायकाचा आवाज बराच वेळ खालच्या पट्टीत घुटमळतो आणि काही घडेल म्हणेपर्यंत गीत संपते. त्यात शब्दकर्तृत्वही फारसे दिसेना. स्तोत्राच्या आरंभीच्या तीन ओव्या, भक्ताने धीराने वाट पाहिली, देवाने कान दिला, चिखलाच्या खळग्यातून वर काढून खडकावर उभे केले आणि मुखात नवे गीत घातले, एवढा आशय बायबलच्या इंग्रजी भाषांतरातून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला. मूळ कवितेशी झुंजून नवी कविता घडवण्याचे कष्ट कवीने घेतलेले नाहीत, हा आक्षेप मी आजही मागे घेणार नाही. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणताना जे सायास केले, त्यांच्या शेजारी हे गीत ठेवले की फरक लगेच जाणवतो.

त्याहून अधिक खटकले ते पालुपद. नवे गीत मुखी आले म्हणून आनंद व्यक्त करायचा, आणि पुढच्याच क्षणी हे गीत अजून किती काळ गावे लागणार, असा आर्त प्रश्न विचारायचा, हा काय प्रकार? तो प्रश्न चाळिसाव्या स्तोत्रात नाहीच. तो सहाव्या स्तोत्रातला. तेथे रुग्णाईत, रडून थकलेला भक्त देवाला उद्देशून बोलू लागतो आणि ‘किती काळ’ एवढेच म्हणून थांबतो. त्याचे वाक्यसुद्धा पुरे होत नाही. आभाराच्या स्तोत्राला विलापाचे ठिगळ का लावावे, हे तेव्हा कळण्यासारखे नव्हते.

गीताची जन्मकथा पाहता हे ठिगळ घाईगर्दीतले वाटण्याचीही शक्यता आहे. डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत संग्रहाचे काम संपत आले होते, आणखी एक गीत हवे होते आणि जागा सोडण्याची वेळ जवळ आली होती. बास वाजवणारे अॅडम क्लेटन निघून गेले होते, म्हणून गिटारवादक एज ह्यांनीच बासही वाजवला. लिहायला, ध्वनिमुद्रित करायला, आवाजांची जुळणी करायला आणि पुन्हा ऐकायला प्रत्येकी दहा मिनिटे लागली, पण गीताच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही, असे गायक बोनो एकदा गमतीने म्हणाले होते.

परंतु घाईत माणूस जे उचलतो, ते बहुधा त्याच्या मनाच्या अगदी वरच्या थरात असते. बोनोंचे वय तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांचे वडील कॅथलिक, आई प्रॉटेस्टंट. आयर्लंडसारख्या देशात ही केवळ घरगुती बाब नव्हती. चौघांपैकी तिघे डब्लिनमधील ‘शालोम’ नावाच्या प्रार्थनागटात जात असत आणि रॉक संगीत व ख्रिस्ती जीवन एकत्र नांदू शकते काय, ह्या प्रश्नाने वाद्यवृंद मोडण्याच्या बेतात आला होता. उत्तरेकडे बंदुका थंडावल्या नव्हत्या. १९७२ साली ३० जानेवारीच्या रविवारी डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर केलेल्या गोळीबारात तेरा माणसे त्याच दिवशी ठार झाली, चौदावा मनुष्य पुढे मरण पावला. त्या ‘रक्तरंजित रविवारा’चे नाव घेतलेले गीत ह्या संग्रहाच्या आरंभी आहे. आणि त्या गीतातही हाच प्रश्न आहे : हे गीत किती काळ गायचे? म्हणजे ज्या प्रश्नाने संग्रह उघडतो त्याच प्रश्नाने तो मिटतो. पहिल्या ठिकाणी हा प्रश्न रस्त्यावर, लष्करी ढोलांच्या तालावर, माणसांना विचारलेला आहे. अखेरीस तो देवासमोर, जवळजवळ अंगाईच्या लयीत. सुटे ‘चाळीस’ ऐकणाऱ्याला हे कळत नाही. त्याच्या मागे चाळीस मिनिटांचे युद्ध उभे असावे लागते.

ह्या गीताने मला खरोखर जवळ केले ते मात्र स्तोत्रामुळेच. प्रार्थनाग्रंथातून ते वारंवार म्हणताना त्याचा उत्तरार्ध डोळ्यांत भरू लागला. खडकावर उभा राहिलेला, नवे गीत मुखी असलेला हा भक्त पुढे बाराव्या-तेराव्या ओवीच्या सुमारास अचानक म्हणू लागतो की, आपल्याला अगणित संकटांनी घेरले आहे, आपली पापे डोक्यावरच्या केसांहून अधिक आहेत. शेवटच्या ओव्या सत्तराव्या स्तोत्रातही जवळजवळ तशाच आढळतात, म्हणून ही मुळात दोन स्तोत्रे असावीत असे काही अभ्यासक मानतात. ते असो. बायबलने मात्र ती एकत्रच आपल्या हाती दिली आहेत. आणि त्या स्तोत्राचा अगदी शेवट काय आहे? देवाने आता उशीर लावू नये, ही विनवणी! आरंभी धीराने वाट पाहणारा, हिब्रूत तर ते क्रियापद दोनदा येते, तोच भक्त अखेरीस धीर सुटलेला दिसतो.

ज्याला मी ठिगळ समजत होतो, ते वस्त्राच्या दुसऱ्या टोकाचेच कापड आहे. बावीस वर्षांच्या तरुणाने हे अभ्यासाने साधले असे मी म्हणणार नाही. तीन ओव्यांपाशी थांबताना त्याला वेळच नव्हता. पण ‘किती काळ’ आणि ‘उशीर लावू नकोस’ ही एकाच हाकेची दोन रूपे आहेत, आणि स्तोत्राचे जे अंग गीताने गाळले ते पालुपदाने परत आणले. आपल्या उपासनेत, सामान्य काळाच्या दुसऱ्या रविवारी ‘अ’ व ‘ब’ वर्षी हेच स्तोत्र प्रतिसाद म्हणून गायले जाते, तेव्हा आज्ञापालनाची सुंदर कडवी घेतली जातात. संकटांनी घेरल्याची कडवी त्यात नसतात. वाचनांशी मेळ घालण्यासाठी ती निवड योग्यच आहे. परंतु त्यामुळे आपल्या लोकांच्या कानांवर स्तोत्राची अर्धीच बाजू पडते, हेही खरे.

२०२० साली मार्चपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आपली मंदिरे बंद होती. दफनविधीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे. गायकवृंद नाही, सांत्वनाला घरी जाण्याची सोय नाही. त्या काळात अनेकांनी मला विचारले की, देवाला ‘किती दिवस?’ असे विचारणे पाप आहे काय. कृतज्ञतेची गीते आपण त्यांना पुष्कळ शिकवली होती, तक्रारीचे एकही नाही. तेव्हा ह्या गीताची आठवण झाली आणि ते पुन्हा लावले. खालच्या पट्टीत घुटमळणारा तो आवाज पालुपदाला वर चढतो, पण विजयाने नव्हे. विचारणाऱ्याचा आवाज चढतो तसा. पूर्वी ज्याला मी काही न घडणे म्हणत होतो, ते वाट पाहणे होते.

१९९९ साली स्तोत्रांच्या एका छोटेखानी आवृत्तीला बोनो ह्यांनी प्रस्तावना लिहिली. तीत दाविदाच्या स्तोत्रांचे नाते त्यांनी कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गीतांशी जोडले आहे. आपल्याला त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायला नको. विठ्ठलाशी भांडणारे तुकोबा आपल्या शेजारचेच.

ज्यांना हे गीत ऐकायचे असेल त्यांनी स्टुडिओतील ध्वनिमुद्रणावर थांबू नये. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, लाल कातळांनी वेढलेल्या ‘रेड रॉक्स’ ह्या नैसर्गिक रंगमंचावर ५ जून १९८३ रोजी, पावसाळी धुक्यात झालेल्या मैफलीचे चित्रण उपलब्ध आहे. तिचा शेवट ह्याच गीताने होतो. मैफलीत हे गीत सादर करताना क्लेटन आणि एज आपापली वाद्ये बदलून घेत. पुढे पुढे असा प्रघातच पडला की, श्रोते पालुपद गात असताना प्रथम बोनो मंचावरून जातात, मग एकेक वादक, आणि शेवटी ढोल वाजवणारे लॅरी मलन एकटे उरतात. तेही उठून जातात. मंच रिकामा होतो, दिवे लागतात, आणि हजारो माणसे तो प्रश्न गात गात दरवाजांकडे चालू लागतात.