चाळीस मिनिटांचं आयुष्य, तीन मिनिटांची गोष्ट

आपण सहसा पुस्तक समोर ठेवून बोलतो. आज समोर पुस्तक नाही, आवाज आहे. साध्या माणसांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल सांगितलेलं रेकॉर्ड करायचं आणि इतरांना ऐकवायचं, हा प्रकार आता घरोघरी पोचलाय; यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. पण त्याची चिकित्सा फारशी होत नाही. कारण ऐकताना डोळे भरून येतात, आणि डोळे भरले की आपण प्रश्न विचारायचं थांबतो. आज ते प्रश्न विचारू. त्यासाठी या क्षेत्रातला एक गाजलेला प्रकल्प घेऊ: अमेरिकेतला 'स्टोरीकॉर्प्स'.

रेडिओ निर्माते डेव्ह आयसे यांनी २००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात रेकॉर्डिंगची एक छोटी खोली उभी केली. फीत कापली स्टड्स टर्केल यांनी, वयाच्या ९१व्या वर्षी. कामकरी माणसांच्या मुलाखतींतून अमेरिकेचा इतिहास मांडणारा हा लेखक. म्हणजे आपण कुठल्या परंपरेतले, हे प्रकल्पाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

खोलीत दोघं जातात, बहुधा एकमेकांना ओळखणारी: आई-मुलगी, नवरा-बायको, आजोबा-नातू. एक विचारतो, दुसरा सांगतो. यंत्र सांभाळायला एक मदतनीस असतो. ४० मिनिटं झाली की संपलं. एक प्रत त्या दोघांना मिळते आणि त्यांची परवानगी असेल तर संपूर्ण रेकॉर्डिंग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लोकजीवन केंद्रात जतन होतं. त्यातली फार थोडी निवडून, कापून-जोडून, तीनेक मिनिटांची करून रेडिओवर ऐकवली जातात. २०१५ मध्ये अ‍ॅप आलं आणि खोलीचीही गरज उरली नाही.

या रचनेत सर्वांत मोलाचं काय? यंत्र नव्हे, विचारणारा माणूस. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस लेखनावर आक्षेप घेतो. लिहिलेले शब्द चित्रासारखे जिवंत वाटतात, पण त्यांना काही विचारलं तर गप्प राहतात, असं त्याचं म्हणणं. रेकॉर्डिंगलाही हा आक्षेप लागू पडतो. फोनमधल्या आवाजाला आपण उलटून काही विचारू शकत नाही. पण त्या ४० मिनिटांत कोणीतरी विचारलेलं असतं. मुलीने विचारलं म्हणून आईने सांगितलं. हेच तिने शेजारणीला वेगळं सांगितलं असतं, पत्रकाराला कदाचित सांगितलंच नसतं. म्हणजे बघा, आयुष्याची गोष्ट माणसाच्या आत डब्यात भरून ठेवलेली नसते, की झाकण उघडलं आणि काढली बाहेर. ती दोघांच्या मध्ये घडते. स्टोरीकॉर्प्सने हे ओळखलं, हे त्याचं श्रेय निर्विवाद आहे.

आता आक्षेप. तीन मिनिटांच्या तुकड्यात पहिली कात्री बऱ्याचदा या प्रश्नांनाच लागते. मग जातं अडखळणं, तेच तेच पुन्हा सांगणं, 'जाऊ दे, ते नको' म्हणून झटकलेलं वाक्य. उरतं काय? एक सुरुवात, एक धक्का आणि शेवटी सावरलेला आवाज. एक तुकडा ऐकला तर आपण हेलावतो. दहा ऐकले की लक्षात येतं, माणसं वेगळी आहेत, गोष्टीचा उतार मात्र एकच. कोणी मूल गमावलेलं, कोणी नोकरी गेलेला, कोणी युद्धावरून परतलेला. शेवट प्रेम, क्षमा नाहीतर हिंमत यांपैकी एक.

आपल्याकडच्या नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व मांडलं जातं आणि उत्तररंगात त्यासाठी आख्यान येतं. त्यात काही गैर नाही. श्रोत्यांना ते ठाऊक असतं आणि आख्यान बहुधा पुराणातलं असतं. इथे मात्र जिवंत माणसाचं आयुष्य आख्यान होतं, आणि तत्त्व आधीच ठरलंय हे ना त्याला सांगितलेलं असतं, ना आपल्याला.

इतिहासकार अलेक्झांडर फ्रॉइंड यांनी २०१५ साली 'ओरल हिस्टरी रिव्ह्यू'मध्ये याच अंगाने टीका केली. त्यांच्या टीकेचा रोख आपल्या शब्दांत असा सांगता येईल: अशा गोष्टींत माणूस एकटा उरतो. दुःख त्याचं, झगडणं त्याचं, जिंकणंही त्याचं. ते दुःख कुठल्या धोरणाने, कुठल्या मालकाने, कुठल्या कायद्याने आणलं, हे विचारायला तीन मिनिटांत जागाच नसते.

याच्या शेजारी आपल्याकडचं एक काम ठेवू. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हे गिरणगावच्या मौखिक इतिहासाचं पुस्तक २००४ साली आलं. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले होते. तो संप एकट्या माणसाच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगताच येत नाही. म्हणून या पुस्तकात आवाज एकमेकांशेजारी उभे राहतात: कामगार, कार्यकर्ते, बायका, कलावंत. छापताना ध्वनी गेला हे खरं, आणि तो तोटा लहान नाही; थरथर कागदावर उतरत नाही. पण भोवतालचं जग राहिलं. म्हणजे नुसता आवाज जपला की माणूस जपला गेला, असं नाही.

दुसरा मुद्दा चुकीच्या आठवणींचा. इटलीत तेर्नी नावाचं पोलादाचं शहर आहे. १९४९ साली, इटलीने नाटोत जाण्याविरुद्धच्या निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, तर अनेकांनी हा मृत्यू १९५३ सालच्या कामगार-कपातीविरुद्धच्या संघर्षात घडल्याचं सांगितलं. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही, तिच्यावरच विचार केला. एवढा मोठा घाव तेवढ्याच मोठ्या लढ्याशी जोडल्याशिवाय त्या लोकांना पेलत नव्हता, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश सांगता येईल. आता हीच मुलाखत तीन मिनिटांची करायची म्हटली तर? साल चुकलंय, काढून टाका! सांगणाऱ्याने आपल्याला दिलेली सर्वांत मोलाची गोष्टच कचऱ्यात गेली.

यावर कोणी म्हणेल, सर, लोकांना त्या तीन मिनिटांनी बळ मिळतं त्याचं काय? मिळतं. न्यूयॉर्कच्या एका जोडप्याची स्टोरीकॉर्प्समधली गोष्ट फार गाजली. नवरा कारकून, बायको नर्स. तो रोज तिला प्रेमाची चिठ्ठी लिहायचा. २००६ मध्ये कर्करोगाने तो गेला, त्याच्या थोडेच दिवस आधी घरी येऊन त्यांचं शेवटचं रेकॉर्डिंग केलेलं होतं. ते ऐकून श्रोत्यांनी तिला हजाराहून जास्त पत्रं पाठवली, आणि रोजच्या चिठ्ठीच्या जागी ती त्यातलं एक पत्र वाचू लागली. याला आपण खोटं म्हणणार नाही. पण इथे काय घडलं ते नीट पाहू. श्रोते नुसते हेलावले नाहीत, त्यांनी उत्तर दिलं. सॉक्रेटिसला जे हवं होतं, तेच. बाकी वेळा आपण एक ऐकतो, डोळे पुसतो आणि पुढच्याकडे वळतो; सांगणाऱ्यापर्यंत आपल्याकडून काहीच पोचत नाही.

तेव्हा आपला आक्षेप ४० मिनिटांच्या संग्रहावर नाही, त्यातून काढलेल्या अर्कावर आहे, आणि तो अर्कच नमुना मानण्यावर आहे. कारण आता आपणही घरी फोन पुढे धरतो. आई बोलते, आणि संध्याकाळपर्यंत तिचं बोलणं संगीत घालून नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतं. असं करण्याआधी चार गोष्टी पाळाव्यात. आपला प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये राहू द्यावा, म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल की ती कोणाशी बोलत होती. गाव, साल, कारखाना, भाडं, पगार हेही विचारावं. भावना आपोआप येतात, पगार विचारल्याशिवाय येत नाही. मूळ रेकॉर्डिंग न कापता वेगळं ठेवावं. आणि इतरांना ऐकवायचं की नाही हे सगळं बोलून झाल्यावर पुन्हा एकदा तिलाच विचारावं. आधी दिलेला होकार ऐनवेळी ओठांवर आलेल्या गोष्टीला लागू होतोच असं नाही.

ती नको म्हणाली, तर ते रेकॉर्डिंग घरातच राहील. राहू द्या. ऐकणारं एक माणूस तिला तेव्हाच मिळालेलं होतं.