पकडून झाल्यावर सुटलेला मासा: चेखवची ‘नालीम’ रेडीत वाचताना

मासेमारीच्या गोष्टींत मासा साधारण दोन ठिकाणी सुटतो. गळाला लागायच्या आधी, नाहीतर ओढून घेताना. आंतोन चेखवच्या ‘नालीम’ या कथेत तो तिसऱ्याच ठिकाणी सुटतो: पकडून झाल्यावर. डोकं पाण्याबाहेर आलंय, कल्ल्यांत बोटं रुतली आहेत, माणसं गालात हसतायत, कुणी वजनाचा अंदाज करतोय, कुणी कलेजीकडे बघतोय. तेवढ्यात शेपटीचा एक फटका बसतो. कथा तिथेच संपते.

ही कथा १८८५ची. चेखव तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. आदल्याच वर्षी डॉक्टर झालेला आणि ‘चेखोन्ते’ या टोपणनावानं वर्तमानपत्रांत विनोदी मजकूर लिहिणारा. ‘नालीम’ही एका वर्तमानपत्रातच आली. पुढच्या मोठ्या चेखवबद्दल बोलताना तिचा उल्लेख क्वचितच होतो, झाला तर ‘सुरुवातीची गमतीदार गोष्ट’ एवढाच. मला वाटतं, मासे धरायला शिकणाऱ्या माणसांवर इतकी नेमकी कथा दुसरी सापडणं कठीण आहे. ती गमतीदार आहेच, पण त्या गमतीच्या आत कुणी राबायचं आणि मासा कुणाच्या हातात यायचा, याचा हिशोब मांडलेला आहे.

आधी मी या कथेपर्यंत पोचले कशी, ते सांगते. मी रेडीत राहून सॉफ्टवेअरचं काम करते. रेडी म्हणजे वेंगुर्ले तालुक्याचं दक्षिण टोक. पलीकडे तेरेखोलचा किल्ला, जो खाडीच्या आमच्याच काठावर असूनही गोव्याच्या हद्दीत आहे. बाहेरच्यांना हे गाव माहीत असतं ते द्विभुज गणपतीमुळे, यशवंतगडामुळे किंवा लोहखनिजामुळे. लॅपटॉप मिटला की मी गरवायला शिकते. गरी म्हणजे गळ आणि गरवणं म्हणजे गळानं मासे धरणं. तंगुसाला गरी कशी बांधायची हे यूट्यूबवर दोनदा शोधलं आणि फोननं ठरवून टाकलं की मला जगातली सगळी मासेमारी बघायची आहे. आठवड्याभरात माझ्यासमोर गोठलेली तळी आली. उणे वीस तापमान, बर्फाला पाडलेलं वीतभर भोक, शेजारी कंदील, आणि भोकातून वर येणारा तपकिरी, ठिपकेदार, हनुवटीला एकच मिशी असलेला, अर्धा वाम आणि अर्धा मांजर वाटणारा एक मासा. त्याचं नाव बर्बट. रशियनमध्ये नालीम.

हे व्हिडिओ नवशिक्यांसाठी असतात आणि त्यांचा साचा ठरलेला असतो. बर्फ निदान चार इंच घट्ट असल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नका. बर्बट रात्री फिरतो, म्हणून अंधार पडल्यावर बसा. अंधारात चमकणारं वजनदार आमिष तळावर हलके आपटत राहा. हा मासा भर थंडीत, बर्फाखाली अंडी घालतो, त्यामुळे इतर मासे सुस्त असतात तेव्हा हा जागा असतो. माहिती सगळी खरी आहे. शेवटही ठरलेला आहे: मासा दोन्ही हातांत आडवा धरायचा, कॅमेऱ्याच्या जरा जवळ न्यायचा म्हणजे मोठा दिसतो, वजन सांगायचं आणि हसायचं.

चेखवची कथा मी नेमक्या याच शेवटासाठी वाचावी असं म्हणते. पण त्याआधी माशाचं नाव.

कॉन्स्टन्स गार्नेटबाईंच्या जुन्या इंग्रजी अनुवादात या कथेचं शीर्षक नुसतं ‘द फिश’ असं आहे. मजकुरात ती ‘ईलपाउट’ म्हणते. अमेरिकेतल्या मिनेसोटातही बर्बटला हेच नाव आहे. तिथल्या वॉकर गावात गोठलेल्या लीच लेकवर या नावानं चक्क जत्रा भरायची. ‘मासा’ हे शीर्षक सोयीचं असलं तरी त्यात कथेचा पायाच निखळतो. बर्बट हा कॉडच्या गणातला, पण सगळं आयुष्य गोड्या पाण्यात काढणारा एकमेव मासा. त्याला थंडी मानवते. उन्हाळा आला की तो दगडांच्या कपारीत, बुडालेल्या मुळांखाली शिरून निपचित पडतो. चेखवची कथा घडते उन्हाळ्यातल्या सकाळी. म्हणूनच तो मासा मुळांखाली आहे, म्हणूनच त्याला हातानं धरता येईल असं माणसांना वाटतं, आणि म्हणूनच तो बाहेर निघत नाही. हिवाळ्यात त्याच माशासाठी बर्फ फोडावा लागला असता. इथे ‘कुठलाही मासा’ चालणार नाही.

आता गोष्ट. एका जमीनदाराच्या नदीवर स्नानघर बांधायचं काम चाललंय. दोन सुतार, उंच गेरासिम आणि बुटका, कुबड असलेला ल्युबीम, काम सोडून पाण्यात उतरलेत आणि झाडाच्या मुळांखाली हात घालून चाचपडतायत. मासा हाताला लागतो, निसटतो. प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतोय, असं नाही, तसं धर. म्हातारा गुराखी येफीम येतो, काठावरून सल्ले देतो, मग कपडे काढून स्वतःच उतरतो. त्याची गुरं जमीनदाराच्या बागेत शिरतात. मग खुद्द मालक आंद्रेइ आंद्रेइच ड्रेसिंग गाऊनमध्ये येतो. गुरांवरून ओरडतो, अडलेल्या कामावरून ओरडतो. मग बर्बटचं नाव कानावर पडतं. तो आधी कोचमन वासिलीला बोलावून पाण्यात उतरवतो आणि शेवटी न राहवून स्वतः उतरतो.

यात मच्छीमार एकही नाही हे पहिल्या वाचनात माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोन सुतार, एक गुराखी, एक कोचमन, एक जमीनदार. पाचही नवशिके, आणि पाचही सल्लागार. कल्ल्यांना धर, हा सल्ला सगळ्यांनाच माहीत आहे आणि तो बरोबरही आहे. तरी मासा येत नाही, कारण सल्ला तोंडात असतो आणि मासा बोटांत. गाळाचं पाणी, आत काही दिसत नाही, बोटांना लागलं ते डोकं की पोट की नुसतं मूळ, हे ज्याचं त्यालाच कळणार. ते शब्दांत दुसऱ्याला देता येत नाही.

गरवायला शिकताना मला सगळ्यात अवघड गेलं ते हेच. आमच्याकडे हातानं धरलेल्या तंगुसावर गरवतात, दांडी लागतेच असं नाही. शिशाचं वजन तळाला टेकतं, गरीला सुंगटाचा तुकडा, आणि तंगूस तर्जनीवरून जातो. लाट ओढते तेव्हा एक ताण, खडकाला घासतो तेव्हा दुसरा, मासा चाखून बघतो तेव्हा तिसरा. मी पाण्याकडे डोळे लावून बसले होते तेव्हा शेजारी गरवणारे एक काका म्हणाले, “डोळ्यान बघू नको गो बाय, बोटान बघ.” त्यापुढे त्यांनी काही समजावलं नाही. समजावण्यासारखं त्यात काही नव्हतंच. शंभर वेळा बोटाला चुकीचा ताण लागला की एकदा बरोबर ताण ओळखू येतो. चढणीचे मासे धरणाऱ्या किंवा कुर्ल्यांच्या बिळात हात घालणाऱ्या कुणालाही चेखवच्या पहिल्या दोन पानांचं भाषांतर करून सांगावं लागणार नाही.

मग मासा निघतो कसा? कल्ले धरूनही नाही आणि मालकाच्या हुकमानंही नाही. ते मूळच तोडायचं ठरतं. कुऱ्हाड आणतात, पाण्याखाली मूळ तोडतात, आणि वाट मोकळी होते. म्हणजे जे काम होतं ते सुतारकाम. दोघा सुतारांना मनापासून येणारी एकच गोष्ट कामी येते आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कारण मूळ तुटतं त्या वेळी बोटं माशाच्या कल्ल्याखाली जातात ती आंद्रेइ आंद्रेइचची.

इथून पुढचा अर्धा परिच्छेद मला संपूर्ण कथेचा गाभा वाटतो. मालक ओरडतो, ओढतोय, गर्दी करू नका. मगाशी ज्यांना झापलं त्यांना तो आता भाऊ म्हणतो. पण क्रियापद एकवचनी आहे. ‘आपण’ ओढत नाही, ‘मी’ ओढतो. रशियातली भूदासपद्धत १८६१ साली कायद्यानं संपली होती, त्याला चोवीस वर्षं झाली होती. हे सुतार कुणाच्या मालकीचे नाहीत, मजुरीनं आलेले आहेत. गळाभर पाण्यात पाचही उघडी डोकी सारखीच दिसतात. पण मासा वर आला की तो कुणाचा, हे कुणी विचारत नाही. मासा हातात आल्याबरोबर पाण्यातली समानता संपते, आणि चेखव हे एकही वाक्य न बोलता दाखवतो.

आणि मग ते मिनिट. सगळे गप्प होऊन माशाकडे बघत राहतात. येफीम तारीफ करतो. दहा पौंड तरी भरेल, असा अंदाज निघतो. मालक मान डोलावतो आणि कलेजी किती फुगलीय ते दाखवतो. बर्बटची कलेजी फार चविष्ट मानतात, म्हणजे मासा अजून पाण्यावर आहे आणि मालकाच्या मनात ताटात पोचला आहे. मासा सुटतो तो नेमका इथे. ओढताना सगळ्यांचं लक्ष बोटांत होतं. आता ते डोळ्यांत आलंय.

१८८५मध्ये फोन नव्हता, पण ते मिनिट आपल्या ओळखीचं आहे. मासेमारीचे सगळे व्हिडिओ त्याच मिनिटासाठी बनतात. रेडीच्या किनाऱ्यावर पोटासाठी मासे धरणाऱ्यांमध्ये मला ते मिनिट दिसलेलं नाही. मासा आला की गरी काढायची, मासा टोपलीत, पुन्हा आमिष. अंदाज तिथेही होतो, उलट जास्त पक्का होतो. बाजारात बसणाऱ्या बायका वजनकाट्याशिवाय वाटे लावतात आणि नुसत्या नजरेनं भाव ठरवतात. पण तो अंदाज कामाचा भाग आहे, कौतुकाचा नाही. हौशी माणूस आणि पोटासाठी गरवणारा माणूस यांतला फरक मला आधी सामानात दिसायचा: माझी गरी ऑनलाइन मागवलेली, त्यांची दुकानातली. आता तो या मिनिटात दिसतो. मासा गेला तर माझी संध्याकाळ जाते. त्यांचं दुसऱ्या दिवसाचं काहीतरी जातं.

मराठी वाचकाला मासेमारीचं साहित्य म्हटलं की हेमिंग्वेचा म्हातारा आठवतो, पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणलेला. त्या पुस्तकाचा दबदबा खरा आहे, पण त्यानं आपल्या मनात एक चित्र पक्कं केलं: मासेमारी म्हणजे एकटा माणूस, अफाट समुद्र आणि प्रतिस्पर्धी मासा. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरची रापण बघितलेल्या माणसाला हे चित्र अपुरं वाटतं. होडीनं अर्धवर्तुळात जाळं सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि माणसांच्या दोन रांगांनी ते ओढायचे. मग वाटे पडतात. इथे नाट्य माणूस विरुद्ध मासा असं नसून माणसामाणसांत असतं: कोण ओढतं, कोण उशिरा येऊन दोराला हात लावतं, कुणाच्या वाट्याला किती येतं. चेखवची छोटीशी कथा त्या मोठ्या कादंबरीपेक्षा रापणीच्या जवळची आहे. तिचा मासाही कशाचं प्रतीक नाही. तो उन्हाळ्याला कंटाळून मुळाखाली पडलेला बर्बट आहे, आणि शेवटी फक्त माशासारखाच वागतो.

कथेवर माझा एक आक्षेप आहे. पहिल्या निम्म्या भागातलं हसू गरिबांच्या अंगावर आणि तोंडावर काढलेलं आहे. ल्युबीमचं कुबड, त्याच्या नाकातोंडात जाणारं पाणी, आणि कल्ल्यांसाठीचा रशियन शब्द हे सुतार अशुद्ध बोलतात ती गंमत. मालवणी मुलखात राहणाऱ्याला ही गंमत परिचयाची आहे. ‘वस्त्रहरण’ नाटकानं मालवणीला मोठा रंगमंच मिळवून दिला, पण मालवणी कानावर पडली की हसायचंच, ही सवयही उरली. चेखव यातून पूर्ण सुटत नाही. त्याची बाजू एवढीच की पाण्यात उतरल्यावर मालकही तसाच तुटक, धापा टाकत बोलू लागतो, आणि शेवटचं हसू सगळ्यात जास्त त्याच्यावर येतं.

कथेत मासा गेल्यावर काय झालं ते नाही. सुतारांची त्या दिवसाची मजुरी कापली का, बागेतल्या गुरांचं खापर म्हाताऱ्या येफीमवर फुटलं का, काहीच नाही. मला वाटतं हे न सांगणं मुद्दाम आहे. मासा मिळाला असता तरी त्या चौघांच्या ताटात त्यातलं काय पडलं असतं? कथा वाचून झाल्यावर हा प्रश्न मनात राहतो, आणि विनोदी वर्तमानपत्री मजकुराकडून एवढी अपेक्षा सहसा कुणी करत नाही.

दहा मिनिटांत वाचून होते. शीर्षक ‘मासा’ असं न करता माशाचं नाव ठेवणारा अनुवाद मिळाला तर तो घ्या. आणि शेवटच्या त्या गप्प मिनिटात सगळ्यांसोबत तुम्हीही माशाकडेच बघत असाल, तर एकदा मागे जाऊन कुऱ्हाड कुणाच्या हातात होती ते वाचा.