डीएस९ : रंगरंगोटीविना आकाश

दुर्बिणीकडून आलेली फिट्स फाइल, म्हणजे खगोलीय प्रतिमांची ठरावीक स्वरूपातली फाइल, डीएस९मध्ये उघडली की आधी हिरमोडच होतो. पडदा जवळजवळ काळा आणि त्यात एखाददुसरा ठळक तारा. सर्वांत अंधाऱ्या पिक्सेलपासून सर्वांत झगझगीत पिक्सेलपर्यंतचा सगळा पल्ला हे सॉफ्टवेअर इमानेइतबारे पडद्यावर बसवतं, आणि एकटा तेजस्वी तारा बाकीच्यांना झाकोळून टाकतो. ‘स्केल’मध्ये जाऊन ‘झीस्केल’ निवडा, मंद तारे भराभर वर येतात. उजवं बटण दाबून माउस सरकवला की पार्श्वभूमीचा काळेपणा हवा तसा कमीजास्त करता येतो.

या सगळ्या खटाटोपात वरच्या चौकटीतला ‘व्हॅल्यू’चा, म्हणजे त्या त्या पिक्सेलच्या मूल्याचा, आकडा मात्र तसूभरही हलत नाही. माझ्या लेखी डीएस९चं खरं सौंदर्य इथे आहे. पडद्यावरचं रूप बदलतं. दुर्बिणीने नोंदलेला प्रकाश आहे तसाच राहतो. फोटो परस्पर गोरागोमटा करणाऱ्या मोबाइलची सवय झालेल्यांना ही सचोटी थोडी रुक्षच वाटेल.

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन ॲस्ट्रोफिजिकल ऑब्झर्व्हेटरीत हे मोफत सॉफ्टवेअर घडलं. नाव ‘स्टार ट्रेक’मधल्या ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेवरून घेतलेलं. रूप म्हणाल तर जुनाट: करड्या बटणांच्या दोन ओळी, नटवेपणा शून्य.

लघुग्रह शोधताना त्याची खरी गोडी कळते. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या तीन प्रतिमा तीन ‘फ्रेम’मध्ये उघडायच्या, आकाशातल्या निर्देशांकांनुसार जुळवायच्या आणि ‘ब्लिंक’ दाबायचं, की फ्रेम एकामागून एक दिसू लागतात. तारे जागच्या जागी, आणि एक फिकट ठिपका टुणटुणत एका रेषेत पुढे जातो. एकाच फ्रेममध्ये चमकून नाहीसा होणारा ठिपका बहुधा वैश्विक किरणाचा ओरखडा. त्याच्या मागे लागू नये. क्लाइड टॉम्बॉने १९३०मध्ये प्लूटो हेरला तो याच युक्तीने, फक्त त्याच्यापुढे काचेच्या प्लेटा आणि त्या आलटूनपालटून दाखवणारं यंत्र होतं.

सापडलेल्या लघुग्रहाचं स्थान लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरला कळवायचं तर मात्र तारकासूचीशी काटेकोर मेळ घालावा लागतो. ते काम ॲस्ट्रोमेट्रिकासारख्या सॉफ्टवेअरचं. तिथे डीएस९कडून फार अपेक्षा ठेवू नये.

धूमकेतूची गोष्ट आणखी वेगळी. ‘लॉग’ स्केल लावलं की केंद्राजवळचा झगझगाट आणि दूरवर विरत गेलेली शेपटी, दोन्ही एकाच वेळी दिसू लागतात. पण प्रकाश मोजायला गेलं की धूमकेतू अवघड. लघुग्रह म्हणजे ठिपका, त्याच्याभोवती वर्तुळ काढून आतला प्रकाश मोजता येतो. धूमकेतूच्या धूसर आवरणाला काठच नाही. वर्तुळ मोठं कराल तसा प्रकाश वाढत जातो आणि धूमकेतू कागदावर अधिकाधिक तेजस्वी ठरतो. म्हणून आकड्याशेजारी वर्तुळाची त्रिज्या लिहायला विसरू नका. तिच्यावाचून तो आकडा दुसऱ्या निरीक्षकाच्या काही उपयोगाचा नाही.